लगेच परत मारता येतं का?

सासऱ्यांची भीती वाटायची, असं माझ्या वयाच्या बाईनं लिहिलं तर त्यात नवल काही नाही. सगळ्यांनाच वाटायची. पण बाकीच्या सुना सासरे दिसले की आत पळायच्या, आणि मला मात्र रोज दुपारी जेवणं आटोपली की त्यांच्यासमोर जाऊन बसावं लागे. बसून त्यांच्याशी खेळावं लागे. आणि खेळताना त्यांच्याशी बोलायला बंदी.

माझं माहेर रोहण्याचं. वडिलांनी हौसेनं सातवीपर्यंत शिकवलं आणि मग त्यांनाच धास्ती बसली की एवढी शिकलेली पोरगी आता खपणार कशी. खपले. नाचणगावात पडले. नवरा पुलगावच्या गिरणीत पाळीवर जायचा, शांत माणूस, वडिलांसमोर उभा राहिला की स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायचा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामाजी. म्हणायची म्हणजे त्यांच्या माघारी. तोंडावर काही म्हणायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे सून सासऱ्यांशी बोलत नसे. काही सांगायचं असलं तर सासूला सांगायचं आणि तिनं ते पुढं पोचवायचं, मग तिघंही एकाच खोलीत का बसलेले असेनात.

मामाजी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. लढाईच्या आधी ती जिनिंग एका जपानी कंपनीकडे होती. पट्टा कुठं घासतोय हे मामाजी भिंतीला तळहात लावून सांगायचे, म्हणून जपानी साहेबाचा त्यांच्यावर जीव. साहेब संध्याकाळी त्यांना बंगल्यावर बोलवायचा. साहेबाला त्याच्या देशातला एक खेळ खेळायला गडी हवा होता, आणि ऑफिसातले बाबू लोक त्याच्यासमोर मुद्दाम हरायचे. मामाजी हरायचे तेही खरंखुरं आणि जिंकायचे तेही खरंखुरं. जपानशी लढाई पेटली तसे पोलीस येऊन साहेबाला घेऊन गेले. जाताना त्यानं खेळाचा पाट आणि गोट्यांच्या दोन वाट्या मामाजींच्या हातात दिल्या. तो काही परत आला नाही. पाट आमच्या ओसरीवर राहिला.

गावात त्याला ‘जपानी वाघबकरी’ म्हणायचे. मामाजी ‘गो’ म्हणायचे. जाड लाकडाचा पाट, त्यावर उभ्याआडव्या रेघांची जाळी, आणि रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं गोटी ठेवायची. एकाच्या काळ्या, दुसऱ्याच्या पांढऱ्या. एकदा ठेवलेली गोटी हलवायची नाही. गोटीच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागांना मामाजी हवा म्हणायचे. चारी बाजूंनी हवा बंद केली की गोटी मेली, ती उचलायची. शेवटी ज्यानं जास्त जागा घेरली तो जिंकला. काळ्या गोट्यांतल्या बऱ्याच हरवल्या होत्या, त्यांच्या जागी चिंचोके होते. अर्थात चिंचोके माझ्या वाट्याला.

मी त्या खेळात शिरले ती माझ्याच हातानं. पूर्वी मामाजी पुलगाव स्टेशनच्या पार्सल बाबूंशी खेळायचे. बाबू रिटायर होऊन मुलाकडे नागपूरला गेले, तेव्हापासून मामाजी एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत आणि स्वतःवरच चिडत. मी दाराआड तूर निवडत बघायची. बघता बघता कळायला लागलं. एके दिवशी ते डाव अर्धा टाकून शेतावर गेले आणि मी ओसरी झाडायला गेले. काळ्याचा एक अख्खा जथा हवेविना मरत होता आणि एका चिंचोक्यानं वाचत होता. मला राहवलं नाही. ठेवला.

संध्याकाळी ओसरीवरून आवाज आला, “हे कोनं ठेवली?”

माझ्या हातातली भाकर तव्यावर करपली तरी मला उलटायचं सुचेना. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझं तोंड पाहूनच त्यांना कळलं. बाहेर जाऊन त्या म्हणाल्या, “पोरगी हाय, चुकली. पुन्हा नाई करनार.”

मग मामाजी म्हणाले, “तिले म्हना, उद्यापासून दुपारी बसजो.”

तर अशी बसायला लागले. पाट उंबरठ्याला लागून ओसरीवर, मामाजी त्या बाजूला, मी उंबरठ्याच्या आत, पदर नाकापर्यंत ओढून. त्यांना माझा फक्त हात दिसायचा आणि मला त्यांचे हात. आत्याबाई मध्ये भिंतीला टेकून वाती वळायच्या आणि निरोप्याचं काम करायच्या. “तिले म्हना, तिथं हवा नाई.” “ते म्हनतात, तिथं हवा नाई.” “तिले म्हना, हात काऊन थांबला?” मी थांबले की घाबरायची, आणि घाबरले की आणखी थांबायची. सुरुवातीला ते मला काही चिंचोके आधीच ठेवू द्यायचे. कच्च्या गड्याला आधी जागा द्यायची, नाहीतर खेळ कसला, हा म्हणे साहेबाचा कायदा. नियमाला ते कायदाच म्हणायचे.

एक कायदा मात्र मी रडून शिकले. समजा, त्यांनी माझी एक गोटी घेरून उचलली. पण उचलणारी त्यांची गोटीही त्याच जागी घेरलेली असते. मी लगेच तिला उचलू शकते. मग ते परत माझी उचलतील, मी परत त्यांची. जन्मभर तेच चालेल आणि डाव संपणार नाही. म्हणून कायदा असा की लगेच परत मारायचं नाही. आधी पाटावर दुसरीकडे कुठंतरी एक गोटी ठेवायची, समोरच्यानं त्याची खेळी करायची, आणि मगच, जागा अजून तशीच असली तर, परत मारायचं. पोळ्याच्या दिवशी मी लगेच मारलं. मामाजींनी काठी जमिनीवर अशी आपटली की वाटीतले चिंचोके उडाले. “सायबाच्या घरी असं केलं असतं तं सायब उठून गेला असता! तिले म्हना, बेइमानी घरात चालनार नाई!” आत्याबाईंनी तेही इमानानं मला सांगितलं, जसं काही मी दोन गावं पलीकडे बसले होते. मी पदराआड रडले आणि तो कायदा कायमचा डोक्यात कोरला गेला.

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी कधीतरी मामाजींनी स्वतःच लगेच परत मारलं.

माझा हात हवेतच राहिला. मला वाटलं माझंच काही चुकतंय. मग पुन्हा तसंच झालं. मग एकदा त्यांनी लागोपाठ दोन गोट्या ठेवल्या, माझी पाळी गिळून टाकली. मी आत्याबाईंना खुणेनं सांगितलं, म्हणा ना त्यांना. आत्याबाई वातीवरची नजर न हलवता पुटपुटल्या, “मी नाई सांगत बाई. तुले मरायचं हाय तं तूच मर.”

मला राग आला, आणि त्या रागाची भीतीही वाटली. पोळ्याला माझ्यावर काठी आपटणारा माणूस आता हरायला लागला तसा कायदे मोडतो! घर यांचं, पाट यांचा, मग कायदेही यांचेच. दाद मागायची कुठं? त्या खेळाचं पुस्तक वर्धा जिल्ह्यात नव्हतं. जाणकार एक पोलिसांनी नेला, दुसरा नागपुरात. उरले ते दोघं, एक बोलणारा आणि एक न बोलणारी. मी हरत गेले आणि गप्प राहिले.

आणखी एक गोष्ट होती, पण ती मी तेव्हा जोडून पाहिली नाही. एका दुपारी मामाजींनी ओसरीवर दुसरी सतरंजी टाकायला लावली, नागपूरचे पार्सल बाबू खेळायला येऊन राह्यले म्हणून. आत्याबाईंनी निमूट टाकली, आणि संध्याकाळी निमूट उचलली. मी विचारायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घागर घेऊन विहिरीवर गेले.

त्या उन्हाळ्यात रोहण्याच्या शाळेतल्या माझ्या बाईंनी निरोप धाडला. वर्ध्याला मास्तरणींचं ट्रेनिंग होतं, राहायची सोय होती, सातवी पास मुली घेत होते, आणि बाईंनी माझं नाव लावून ठेवलं होतं. शाळा उघडायच्या सुमाराला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. मला ती जागा इतकी हवी होती की मी कुणाला सांगितलंच नाही. सांगितलं तर कुणीतरी नाही म्हणेल, हे भय. शेवटी नवऱ्याला सांगितलं. त्यानं त्याच्या अंगठ्यांकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना विचारलं. त्याचं हे धाडस मी आयुष्यभर विसरले नाही.

मामाजी म्हणाले, “तिले म्हन, एक डाव जिंकून दाखवजो. आधी एकबी गोटी भेटनार नाई. जिंकली तं जाजो.”

नवऱ्याला ते बरं वाटलं. ‘नाही’ तर म्हणाले नाहीत ना. मला मात्र बरं वाटेना. सरळ डावात मी त्यांना आता हरवू शकत होते, हे मला ठाऊक होतं. पण सरळ डाव कुठं राहिला होता? अगदी शेवटी ते लगेच परत मारतील, मी गप्प बसेन, आणि वर्धा गेलं.

तो डाव भर दुपारी झाला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पदराआड घाम माझ्या डोळ्यांत जात होता आणि तो पुसायला हात वर न्यायची मला भीती वाटत होती, कारण हात हलला की त्यांना वाटणार मी गोटी ठेवते. मामाजी सुरेख खेळले. सुरुवातीचं सगळं त्यांच्या बोटांत जसंच्या तसं होतं. आत्याबाईंच्या वाती वळून संपल्या तरी त्या नुसत्याच बोटं घासत बसल्या होत्या. आणि शेवटी व्हायचं तेच झालं. सगळा डाव एका कोपऱ्यातल्या एका जागेवर येऊन अडला. मी चिंचोका ठेवला आणि त्यांची एक पांढरी गोटी उचलली. त्यांनी लगेच परत मारलं तर माझा अख्खा जथा जाणार होता. दुसरीकडे ठेवावी लागली तर ती जागा मी भरून टाकणार होते, आणि डाव माझा.

त्यांचा हात वाटीत गेला. गोटी घेऊन वर आला. त्या जागेवर येऊन थांबला.

मी त्या हाताकडे बघत राहिले. हात खाली येईना आणि मागेही जाईना. मग मामाजी बोलले.

“सूनबाई.”

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. आत्याबाईंची बोटं थांबली.

“सूनबाई, इथं मले लगेच परत मारता येते का नाई?”

मला वाटलं, हा फास आहे. नाही म्हणावं तर सासऱ्याला नियम शिकवते म्हणून काठी, हो म्हणावं तर वर्धा गेलं. आणि काय झालं कुणास ठाऊक, मी पदर थोडा वर करून त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच. तोपर्यंत मी त्या घरात सासऱ्यांचा चेहरा धड पाहिलेला नव्हता.

तो माणूस घाबरलेला होता. माझ्यापेक्षा जास्त. त्यात राग नव्हता, लबाडी नव्हती. त्यांना खरंच आठवत नव्हतं. दोन गोट्या लागोपाठ ठेवल्या तेव्हाही आठवत नव्हतं, सतरंजी टाकायला लावली तेव्हाही. मी इतके महिने ज्याला बेइमानी म्हणून मनात शिव्या घालत होते ते हे होतं.

“येत नाई, मामाजी,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “आधी दुसरीकडं ठेवा लागते. तुमीच शिकोलं. पोळ्याच्या दिवशी.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “खरं सांगून राह्यली, का तुह्या फायद्याचं?”

“खरं बी हाय, मामाजी,” मी म्हणाले, “अन माह्या फायद्याचं बी हाय.”

त्यांच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला. त्यांनी हात मागे घेतला आणि गोटी पाटाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. मी माझी जागा भरली. थोड्या खेळ्यांत सगळं मिटलं. मोजायचीही गरज पडली नाही. मामाजींनी दोन्ही रंगांच्या गोट्या आपल्या हातानं वाट्यांत भरल्या, चिंचोके वेगळे काढले, आणि म्हणाले, “जाजो.” ते मला म्हणाले, आत्याबाईंना नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी माझी पत्र्याची पेटी अंगणात काढून पुसायला घेतली. नवरा डबा घेऊन गिरणीत निघाला होता. मामाजी चहा पीत होते.

“हे पेटी काऊन काढली?”

“सुनेची हाय. वर्ध्याले जाते ना ट्रेनिंगले.”

“कोन म्हनलं? डाव जिंकल्याबिगर जानं नाई. मी सांगतलं होतं.”

मी चुलीपाशी होते. तिथंच खाली बसले. शब्द फिरवला, असं आधी वाटलं. पण मग कालचा तो चेहरा आठवला, आणि शब्द फिरवला असता तर बरं झालं असतं असं वाटलं. शब्द फिरवणाऱ्याशी भांडता येतं. इथं भांडायला समोर कोण होतं? नवरा अंगठ्यांकडे बघत होता. पाट भिंतीशी उभा होता, पुसून ठेवल्यासारखा. काल दुपारी तिथं काही घडलं होतं याची एकही खूण त्यावर नव्हती.

तेवढ्यात आत्याबाई बोलल्या. हातातलं फडकं त्यांनी पेटीवर ठेवलं. इतके महिने ज्यांनी सगळं झाकून ठेवलं होतं, सतरंज्या टाकल्या आणि उचलल्या होत्या, मला गप्प बसवलं होतं, त्या म्हणाल्या, “ते जिंकली. तुमी काल हारले.”

“तुले काय समजते त्या खेळातलं?”

“खेळ मले नाई समजत. पन लगन झाल्यापासून तुमाले कोनाले काही इचारताना मी पाह्यलं नाई. काल तुमी सुनेले इचारलं. मी इथंच बसली होती. तिनं सांगतलं, अन मंग तुमी हारले.”

मामाजींनी कप खाली ठेवला. ते आत्याबाईंकडे बघत राहिले, मग स्वतःच्या तळहातांकडे. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, त्यांनाही कुणी हाकललं नाही. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“काय इचारलं होतं मी?”

मी चुलीपाशी बसल्या जागेवरून सांगितलं. लगेच परत मारता येतं का, हे विचारलं होतं. येत नाही, आधी दुसरीकडे ठेवावी लागते, असं मी म्हणाले होते.

“बरोबर सांगतलं,” मामाजी म्हणाले. “सायब बी असाच म्हने.” आणि मग, कप उचलताना, “जाजो.”

निघायच्या दिवशी बैलगाडी दारात उभी होती, पुलगावहून रेल्वे धरायची होती. नवऱ्यानं पेटी चढवली. मी आत्याबाईंच्या पाया पडले, त्यांनी माझ्या पदरात काहीतरी खायला बांधलं. मामाजी ओसरीवर पाटापाशी बसले होते, गोटी हातात धरून. मी दुरूनच वाकून नमस्कार केला आणि पायऱ्या उतरले.

मागून आवाज आला. पुन्हा जुन्या रीतीनं, आत्याबाईंना उद्देशून. “तिले इचारा, इथं लगेच परत मारता येते का नाई?”

आत्याबाईंनी मला ते सांगायची मी वाट पाहिली नाही. पदर सावरत वळले आणि रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, “नाई, मामाजी. आधी दुसरीकडं ठेवा लागते.”

त्यांनी मान हलवली, समाधान झाल्यासारखी. हातातली गोटी वाटीत टाकली. आत्याबाई दाराला धरून उभ्या होत्या आणि माझ्याकडे नाही, पाटाकडे बघत होत्या, म्हणून मीही तिकडे पाहिलं.

पाटावर एकही गोटी नव्हती. गाडी हलली तेव्हा मला रडू आलं ते वर्ध्याच्या भीतीनं नव्हतं. उद्या दुपारी ते विचारतील तेव्हा सांगायला घरात कुणी नसणार होतं.